सगळे दुवे हिरवे

बेंगळुरूत व्हाइटफील्डच्या एका सोसायटीत पवित्रा हुंदरे राहायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने लिफ्टमधल्या नोटिशीतली चूक काढली. पाणी बंद राहणार असल्याची नोटीस होती, आणि तिच्यात तारीख मंगळवारची, वार मात्र बुधवार. पवित्रा सरळ सेक्रेटरींच्या दारात गेली आणि यातलं खरं कुठलं, असं विचारलं. त्यांनी नोटीस पुन्हा पुन्हा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, हे इतक्या बारकाईने कुणी वाचत नाही." ती म्हणाली, "पण बादल्या कधी भरायच्या ते सांगा."

तेव्हापासून सोसायटीतल्या मराठी घरांतून तिच्याकडे मुंजीच्या पत्रिका, मुलांचे प्रोजेक्ट, गणेशोत्सवाचे हिशोबाचे कागद असं काय काय तपासायला येऊ लागलं. तिला त्याचं काही वाटत नसे. कणीक मळता मळता ती कागद ओट्यावर उभा करून ठेवी आणि पिठाच्या बोटाने चूक दाखवी.

ती मूळची निपाणीची. बेळगावला बी.एस्सी. झाली, लग्नाआधी तिथल्याच एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. नवरा संग्राम होसकोट्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. लग्नानंतर बेंगळुरू, मग आर्याचा जन्म, मग सासरे गेल्यावर सासूबाई ठकुबाई कायमच्या इकडे. नोकरीचा विषय मागे पडला तो पडलाच. आर्या नववीत गेली आणि शाळेतून आल्यावर आई घरात आहे की नाही हे बघेनाशी झाली, तेव्हा पवित्रानेच तो विषय पुन्हा काढला.

काम मिळालं ते मात्र चमत्कारिक होतं. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक छोटी कंपनी होती. बिस्किटं, साबण, मसाले पाकिटांत भरणाऱ्या यंत्रांना लागणाऱ्या कंट्रोल पेट्या ही कंपनी बनवी. यंत्राने काय करायचं ते पेटीला सांगण्यासाठी कंपनीची स्वतःची एक लहानशी प्रोग्रॅमिंगची भाषा होती. तिचं नाव सुत्तु. कन्नडमध्ये सुत्तु म्हणजे गुंडाळणं, आणि तिथल्या लोकांना ते नाव फार आवडलेलं. या पेट्या शिरोळी, इचलकरंजी, सांगलीच्या कारखान्यांतही जात, म्हणून भाषा शिकवणारं पुस्तक मराठीतही होतं. कागदावर नव्हे, स्क्रीनवर वाचायचं. ते कुणीतरी पूर्वी मराठीत आणलं होतं, तो माणूस नोकरी सोडून गेला होता, आणि इंग्रजी पुस्तक बदलत गेलं तसं मराठी मागून फरफटत आलं होतं. ते नीट लावायला त्यांना माणूस हवा होता. पवित्राला सहा महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं.

तिला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. तिने ते त्याच पुस्तकावरून शिकायला घेतलं. पुस्तक ज्याच्यासाठी आहे तो शिरोळीचा ऑपरेटर आपणच, असं समजून ती पहिल्या पानापासून बसली. पुस्तकात "पाहा" असं जिथे लिहिलं असेल तिथे बोट लावायची आणि ते नेईल तिकडे जायची. ऑफिसात त्याला क्रॉस-रेफरन्स म्हणत. ती "पाहा"च म्हणे.

फेऱ्याच्या प्रकरणापर्यंत सगळं बरं चाललं. फेरा ही तशी सोपी गोष्ट. पट्ट्यावर डबे येतायत, एकेका डब्यापाशी जायचं, प्रत्येकावर तेच काम करायचं, डबे संपले की थांबायचं. यादीतल्या नावांचंही तेच. पण तिथल्या एका पानावर लिहिलं होतं, "फेरा मध्येच सोडायचा असल्यास पाहा." तिने बोट लावलं, तर पुढे उघडलं "यंत्र तातडीने थांबवणे." मोठं लाल बटण, सुरक्षेच्या सूचना, हातमोजे.

ती अजित भिड्यांकडे गेली. तो तिचा साहेब, पुण्याचा, तिच्याहून वयाने लहान, दिवसभर मीटिंगमध्ये आणि कानात कायम काहीतरी अडकवलेलं.

"अजित सर, एक पान बघता का? एका डब्यापुरता फेरा सोडायचाय, आणि आपण माणसाला अख्खं यंत्र बंद करायला पाठवतोय."

अजितने बघितलं आणि हसला. "सॉलिड आहे. पण लिंक तुटलेली तर नाहीये ना?"

"तुटलेली नाही. भलतीकडे जाते."

"मंजुनाथचं चेकर रोज रन होतं. सगळं ग्रीन येतं."

पलीकडच्या टेबलावरून मंजुनाथने मान वर केली. त्याला मराठी येत नव्हतं, पण चेकर हा शब्द कळला. "एल्ला ग्रीन, अक्का," तो म्हणाला. सगळं हिरवं.

काय झालं होतं ते पवित्राने पुढच्या दोन-तीन दिवसांत शोधून काढलं. पूर्वी फेऱ्याचं एकच लांबलचक प्रकरण होतं. कुणीतरी त्याची दोन केली. त्यामुळे पानांचे पत्ते सरकले, आणि जुन्या पत्त्यांवर नवी पानं येऊन राहिली. चेकर फक्त एवढंच बघायचं की त्या पत्त्यावर काही आहे की नाही. पान असलं की हिरवं.

"आपल्या सोसायटीसारखं आहे ते," तिने अजितला सांगितलं. "सी ब्लॉकमधले जुने भाडेकरू गेले, पण त्यांची पार्सलं अजून येतात. घर आहे, दार आहे, बेल वाजते. दार उघडणारा माणूस दुसराच."

अजितने कानातलं काढून टेबलावर ठेवलं. तो तसं करी तेव्हा खरं बोले.

"पवित्रा मॅडम, स्पष्ट सांगतो. वरती डिस्कशन चालू आहे की हे काम टूलवर सोडायचं. माणूस कशाला ठेवायचा, असं. तुमची ट्रायल या महिन्यात संपते. सोमवारी नवीन एडिशन जाणार आहे. फेऱ्याचं प्रकरण शुक्रवारपर्यंत तुमचं. डोळ्यांनी वाचल्यामुळे फरक पडतो असं मला त्यात दिसलं, तर मी तुमच्या पोस्टसाठी भांडेन. नाही दिसलं, तर मला भांडता येणार नाही."

"बरं," पवित्रा म्हणाली.

घरी येऊन तिने संग्रामला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "मग डोळे आहेत की तुझे. घाबरालीस कशाला?"

"घाबरले नाही. वेळ कमी आहे."

वेळ कमी होता म्हणून तिने पहिल्यांदाच स्वतःसाठी एक प्रोग्रॅम लिहिला, सुत्तुमध्येच. एका पानावरच्या सगळ्या "पाहा"ची यादी करायची. यादीवर फेरा घालायचा. एकेक "पाहा" समोर आणायचा, तिने तो उघडून बघायचा, चुकीचा असेल तर दुरुस्त करायचा, मग "झालं" दाबायचं, की तो यादीतून काढून टाकायचा. काढून टाकलेला बरा, म्हणजे पुन्हा पुन्हा समोर येणार नाही, असा तिचा हिशोब. यादीतून एखादी गोष्ट कशी काढायची ते तिने पुस्तकातच बघितलं. त्या पानाच्या तळाला लिहिलं होतं, "फेरा चालू असताना काढायचे असल्यास पाहा." तिने बोट लावलं, तेव्हा उघडलं "यादी क्रमाने लावणे." तिने ते वाचलं, आपल्या कामाचं काही दिसलं नाही, आणि आपल्यालाच कळलं नसेल म्हणून परत फिरली.

प्रोग्रॅम चालला. पहिल्याच झटक्यात चालला, याचा तिला इतका आनंद झाला की तिने आर्याला बोलावून दाखवला. आर्या म्हणाली, "आई, तू कोडर झालीस," आणि दही आहे का विचारलं.

शुक्रवारपर्यंत तिने प्रकरणातलं प्रत्येक पान त्यातून काढलं. "पाहा" समोर येई, ती जाऊन बघे, दुरुस्त करी, "झालं" दाबी. शेवटी "संपलं" अशी अक्षरं येत, की पुढचं पान. काम तिला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर उरकलं. तिने मनात म्हटलं, सवय झाली हाताला. संध्याकाळी अजितच्या टेबलापाशी उभी राहून तिने सांगितलं, "फेऱ्याचं प्रकरण स्वच्छ आहे, सर." बरेच चुकीचे दुवे तिने सुधारले होते, ते त्याला दाखवले. अजितने यादी वरून खाली बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "हे मी वरती दाखवू शकतो." मंजुनाथने पुस्तकाला कुलूप घातलं. आता सोमवारी पुस्तक बाहेर पडेपर्यंत त्यात कुणाला काही बदलता येणार नव्हतं.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या क्लबहाउसात डोळे तपासणीचं शिबिर होतं. ठकुबाईंना अलीकडे सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि ते त्या दोऱ्याच्या माथी मारत होत्या. पवित्रा त्यांना घेऊन गेली.

प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक ओळ मांडली होती. आतल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर. एक नर्स हातात थेंबांची बाटली घेऊन खुर्च्यांच्या कडेने पहिल्या टोकापासून निघाली. थेंब घातले की तो माणूस डोळे मिटून उठायचा आणि आत जाऊन बसायचा. तो उठला की मागची सगळी ओळ एकेक खुर्ची पुढे सरकायची. कुणी सरका म्हणालं नव्हतं. खुर्ची रिकामी दिसली की आपल्याकडे माणूस सरकतोच. बसची रांग असो, डॉक्टरांचा बाक असो, आपोआप होतं ते. आणि नर्स तिच्या चालीने पुढच्या खुर्चीपाशी जायची, थेंब घालायची, आणखी पुढे.

ओळीच्या शेवटाला पोचून नर्सने बाटलीचं टोपण लावलं. ओळीत अजून माणसं बसलेलीच होती. ठकुबाई त्यांच्यात, डोळे चांगले टकटकीत उघडे.

"आत्याबाई, तुम्ही आत नाही गेलात?"

"कशी जाऊ? मला थेंब घातलंच न्हाई की. ती बाई माझ्या शेजारनीला घातली, मग मी सरकलो तिच्या जागेला, तर ही माझ्या मागल्या खुर्चीला गेली. त्या बामनाच्या सुनंला घातली. मी हाय तशीच."

"तुम्ही सांगायचं नाही का तिला?"

"मला काय म्हाईत, एकाआड एक घालायची पद्धत असंल."

पलीकडचे एक रिटायर झालेले गृहस्थ म्हणाले की त्यांनाही घातलेले नाहीत. त्यांच्याही मागच्या बाईंना नाहीत. नर्सने ओळीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि काय झालं ते तिच्या लक्षात आलं. ती वैतागून हसली. "यारू एळबेडी," ती म्हणाली. कुणीही उठू नका. थेंब घातल्यावरसुद्धा जागेवरच बसायचं, सगळ्यांचे झाले की एकदम आत. मग ती पुन्हा पहिल्या खुर्चीपासून निघाली.

पवित्रा मात्र ठकुबाईंच्या खुर्चीची पाठ धरून तशीच उभी होती. पहिल्या खुर्चीतला उठला. दुसरा पहिलीत आला. नर्स दुसरीपाशी गेली, तिथे आता तिसरा.

तिने "झालं" दाबलं की "पाहा" यादीतून निघून जात होता. मागचे सगळे एक जागा पुढे सरकत होते. आणि तिचा फेरा पुढच्या जागेवर जात होता.

"काय झालं गं?" ठकुबाईंनी डोळे मिटून विचारलं. थेंब आता त्यांच्या गालावर आले होते.

"काही नाही. घरी गेल्यावर सांगते."

डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही, असं सांगितलं. पवित्राने ते नीट ऐकून घेतलं, पुढची तारीख विचारली, सासूबाईंना हाताला धरून घरी आणलं, पडदे ओढले, त्यांना चहा दिला. मग लॅपटॉप उघडला.

पुस्तकाला कुलूप होतं, पण तिच्या याद्या तिच्याकडे होत्या. तिने पहिल्या पानावर प्रोग्रॅम पुन्हा चालवला. यादी रिकामी असती तर लगेच "संपलं" यायला हवं होतं. पण समोर एक "पाहा" आला. तिने पूर्वी कधीच न बघितलेला. दुसऱ्या पानाचंही तेच. जवळजवळ अर्धं प्रकरण तिने बघितलेलंच नव्हतं.

मग तिने पुस्तकात शोधलं, की असं होतं हे कुणाला माहीत होतं का. माहीत होतं. "चालू फेऱ्यात यादी बदलू नका" असं एक अख्खं पान होतं, नव्या दुसऱ्या प्रकरणात. आधी सगळ्यांना खूण करा, काढायचे ते शेवटी एकदम काढा, असं त्यात चांगलं समजावून लिहिलेलं. यादीतून काढण्याच्या पानावरचा तळाचा "पाहा" या पानाकडे यायला हवा होता. तो अजून "यादी क्रमाने लावणे"कडेच जात होता. सुटलेल्यांपैकी तोही एक.

तिने लॅपटॉप अर्धा मिटला. खरं तर कुणाला काही कळणार नव्हतं. चेकर हिरवं. अजितने यादी वर दाखवलीही असेल. सुटलेले दुवे पुढच्या एडिशनला हळूच दुरुस्त करता आले असते, पुढची एडिशन येईपर्यंत ती तिथे असलीच तर. आणि आज सांगितलं, तर डोळ्यांनी वाचणाऱ्या बाईने अर्धं वाचलंच नाही, असं होत होतं.

ठकुबाई पडद्याआडून म्हणाल्या, "इतकं गप का बसलीयास?"

"माझंही एकाआड एक झालंय, आत्याबाई. नर्ससारखं."

"मग परत घाल की."

"परत घालायचं तर साहेबाला सांगावं लागतंय."

"तिनं काय लपवलं? हसली आन् परत पहिल्यापासनं आली."

पवित्राने अजितला फोन लावला. तो मुलाला पोहायच्या क्लासला घेऊन निघाला होता आणि मराठहळ्ळीला ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

"सर, मी काल फेऱ्याचं प्रकरण स्वच्छ आहे म्हणाले. ते नाहीये. जवळजवळ अर्धे दुवे सुटलेत."

पलीकडे हॉर्न ऐकू येत होते. "काल तुम्ही क्लीन म्हणालात."

"म्हणाले. चुकलं."

"मी वरती मेल टाकलाय, पवित्रा. तुमच्या नावानिशी."

"कळतंय मला."

"सुटले कसे पण? तुमच्याकडून?"

तिने सांगितलं. खुर्च्यांचं सांगितलं नाही, नुसतं प्रोग्रॅमचं. यादी, फेरा, काढून टाकणं.

अजितने सुस्कारा सोडला. "ही तर बेसिक चूक आहे. प्रत्येक नवा माणूस करतो. त्याची वॉर्निंग आपल्या पुस्तकात आहे ना? मीच लिहायला लावली होती इंग्रजीत."

"आहे. मी आत्ता वाचली."

"मग आधी का नाही वाचलीत?"

"मी गेले होते तिकडे. काढण्याच्या पानावरून पाहा म्हटलंय, म्हणून बोट लावलं. ते मला यादी क्रमाने लावायच्या पानावर घेऊन गेलं."

हॉर्न वाजत राहिले. मागच्या सीटवरून मुलगा काहीतरी विचारत होता, त्याला अजित "एक मिनिट" म्हणाला.

"ती लिंक ग्रीन आहे?"

"हिरवी आहे, सर. काल पण होती."

अजितने गाडीची काच वर केली असावी. हॉर्न एकदम बारीक झाले.

"मंजुनाथला सांगतो कुलूप काढायला," तो म्हणाला. "एडिशन सोमवारी जात नाही. किती दिवस लागतील?"

"बुधवारपर्यंत. या वेळी यादीतून काही काढणार नाही. नुसत्या खुणा करते."

"करा. आणि मेलचं मी बघतो." मग जरा थांबून, "वरती काय म्हणतील ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"नका सांगू."

सोमवारी मंजुनाथने कुलूप काढलं. झालेला प्रकार त्याला कळला होता. "स्वल्प तडी, अक्का," जरा थांबा, असं म्हणून त्याने कॉफी आणून दिली, आणि तिच्या प्रोग्रॅमची एक ओळ बघून त्याला इतकं हसू आलं की त्याने आपणही पहिल्या वर्षी असंच करून साबणाच्या अर्ध्या वड्या कशा विनावेष्टनाच्या सोडल्या होत्या ते सांगितलं. पवित्राने प्रकरण पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आधी बघितलेले दुवेही पुन्हा. दोन ठिकाणी तिने केलेली दुरुस्तीच चुकीची निघाली, ती नीट केली. काढण्याच्या पानावरचा तळाचा "पाहा" तिने सगळ्यात आधी सरळ केला.

बुधवारी दुपारी अजित तिच्या टेबलापाशी आला. कानातलं हातात होतं.

"वरती मी तुमची चूकच दाखवली," तो म्हणाला. "तुमची दुरुस्त्यांची यादी बघून ते म्हणत होते, ठीक आहे, पण टूलही हे शिकेल. मग मी म्हटलं, आपल्याच पुस्तकावरून शिकलेल्या माणसाने आपल्याच पुस्तकामुळे ही चूक केली, आणि त्या दिवशी आपलं टूल हिरवं होतं. त्यावर टूलचा विषय मागे पडला."

"म्हणजे?"

"म्हणजे फंक्शनचं प्रकरण पुढच्या आठवड्यात घ्या. ते फेऱ्याहून वाईट आहे. आणि पगाराचं वगैरे एचआर बोलेल." तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. "त्या वॉर्निंगच्या पानावर एक उदाहरण हवं. मराठी पुस्तकासाठी वेगळं. इंग्रजीतलं फार कोरडं आहे."

"आहे माझ्याकडे एक," पवित्रा म्हणाली.

तिने ते त्याच दुपारी लिहिलं. ओळीने मांडलेल्या खुर्च्या, औषधाची बाटली, उठणारी माणसं आणि सरकणारी ओळ. शेवटी कुणीही उठू नका म्हणणारी नर्स. खाली एक "पाहा", यादीतून काढण्याच्या पानाकडे जाणारा. त्यावर तिने बोट लावलं, तिकडे गेली, तिथल्या "पाहा"वर बोट लावलं, परत आली. पुन्हा एकदा गेली आणि परत आली.

संध्याकाळी तिने ठकुबाईंना ते वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"माझं नाव घातलीस काय त्यात?"

"नाव नाही घातलं, आत्याबाई. तुमची खुर्ची घातली आहे."

"कितवी?"

"दुसरी."

"चौथी होती," ठकुबाई म्हणाल्या. "नीट कर ते."